हिरव्या साडीचा फोटो

(सांगोला इथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात, दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री आपण भिंतीवर चादर बांधून सिनेमांचे तुकडे पाहिले. मध्ये दोनदा वीज गेली तरी कुणी उठलं नाही. आज सकाळी चहाच्या वेळी एका आक्कांनी मला विचारलं, "ताई, तुमचं काम कोर्टाचं, पोलीस स्टेशनचं. तुम्ही आज सिनेमावर कशाला बोलताय?" प्रश्न रास्त आहे. मी सिनेमातली जाणकार नाही. समाजकार्याच्या पदवीला सिनेमा हा विषयही नव्हता. मी या विषयाकडे आले ती एका चुकीमुळे आणि ती चूक माझीच आहे. आधी ती सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक अहवालासाठी मला फोटो हवे होते. एका वाडीवर बैठक होती. तिथल्या एका बाईंचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. जमिनीच्या नावासाठी त्या दिराशी भांडत होत्या, तलाठ्याकडे खेटे घालत होत्या. बैठक संपल्यावर त्या जोत्यावर बसल्या होत्या, मी उभी होते. उभ्या उभ्याच फोटो काढला. नंतर ऑफिसात बसून त्यातला रंग काढून टाकला, काळा-पांढरा केला. कारण काय? तर अहवालात तो "परिणामकारक" दिसेल. आणि दिसलाही तसाच. खाली बसलेली, वर बघणारी, चेहऱ्यावर सावली पडलेली एक विधवा. सगळ्यांनी फोटोचं कौतुक केलं.

अहवाल छापून आल्यावर मी मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला नेला. त्यांनी पान जवळ घेतलं, लांब धरलं, आणि म्हणाल्या, "ताई, ही मीच का? माझी साडी हिरवी हुती की."

मी काहीतरी सारवासारव केली. त्या ऐकून घेत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सात वर्सानी नेसले हुते. लई मन घट्ट केलं हुतं त्या दिवशी."

म्हणजे त्या बैठकीत घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांच्या अंगावर होती आणि मी ती पुसून टाकली. सात वर्षं जे त्यांच्या भावकीने केलं, तेच मी एक बटण दाबून केलं. त्या दिवसापासून मला चित्रातल्या रंगाची आणि चौकटीची धास्ती बसली. मग मी सिनेमे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. गोष्ट काय आहे हे तर आपण बघतोच. ती कुठून दाखवली, किती उंचीवरून, काय आत घेतलं, काय बाहेर ठेवलं, कोणता रंग ठेवला, हे बघायला लागले. तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

पहिल्यांदा चौकट. आपल्या भाषेत शब्द मोठा छान आहे. दाराला चौकट असते, फोटोला चौकट असते, आणि "बाईने चौकटीत राहावं" असंही म्हणतात. सिनेमाचा एकेक शॉट म्हणजे एकेक चौकट. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरवणारा चौकटीत कधीच दिसत नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या मागे असतो. हे ध्यानात ठेवलं की अर्धं काम झालं.

आपल्याच भागाचं उदाहरण घ्या. माणदेशातल्या दुष्काळाचा फोटो म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पुढे भेगाळलेली जमीन, मागे लांबवर डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई, सगळं पिवळं-तपकिरी. वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात येतो. त्यात खोटं काही नाही. पण त्या फोटोत बाई एकटी असते आणि तिच्याभोवती फक्त निसर्ग असतो. मग वाटतं, ऊन पडलं, पाऊस नाही, दैवाचा खेळ. आता हीच चौकट डावीकडे हात-दीड हात सरकवा. तुम्ही सांगोल्याच्या आहात, तुम्हाला ठाऊक आहे तिथे काय येईल. काळ्या प्लास्टिकचं शेततळं येईल, ठिबकच्या नळ्या येतील, डाळिंबाची हिरवीगार बाग येईल. त्या बागेत रोजाने छाटणीला जाणारी बाई आणि टँकरच्या रांगेत उभी असणारी बाई बऱ्याचदा एकच असते. डाळिंब पिकवणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याचंही कर्ज आहे, त्याच्याही बागा रोगाने गेल्या. पण दोन्ही एका चौकटीत आले की प्रश्न दैवाचा राहत नाही, वाटपाचा होतो. पाणी कुणाचं, हा प्रश्न त्या चित्रातून आपोआप उभा राहतो. भाषण करावं लागत नाही.

काल दुपारी आपण लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी भोक पाडून बाहेर बघायचा खेळ खेळलो. हसलात सगळ्या. पण एका मावशींनी काय केलं आठवतं का? त्या खाली जमिनीवर बसल्या आणि चौकटीत फक्त पाय घेतले. चपला असलेले, नसलेले, जोडवी असलेले, नसलेले. एक शब्द न बोलता त्यांनी आपल्या सगळ्यांची जात, परिस्थिती, सवाष्ण की विधवा, सगळं सांगून टाकलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मधला काल पाहिलेला तुकडा या दृष्टीने पुन्हा आठवा. जब्याच्या घरचे लोक पकडलेलं डुक्कर काठीला लटकवून खांद्यावरून नेतायत. मागे शाळेची भिंत. भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र रंगवलेलं. पात्रं बोलत नाहीत. कॅमेराही काही समजावून सांगत नाही. पुढे डुक्कर वाहणारी पोरं आणि मागे ज्यांनी ही पोरं शाळेत यावीत म्हणून आयुष्य घातलं ती माणसं. बस्स, एवढंच एका चौकटीत ठेवलं आहे. पुढचं आणि मागचं यांचं भांडण आपल्या मनात सुरू होतं. आपल्या किती ऑफिसांत भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो असतो आणि त्याच फोटोखाली एखादी बाई चार-चार तास ताटकळत बसलेली असते! मला तो शॉट पाहिल्यापासून ते दिसायला लागलं. आधी दिसत नव्हतं असं नाही, पण एका चौकटीत दिसत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, उंचीची. माझ्या फोटोतली खरी चूक रंगाच्या आधी उंचीची होती. मी उभी, त्या बसलेल्या.

सोलापूरच्या पूर्वेला, कर्नाटकाचा पट्टा ओलांडला की तेलंगणातलं जहिराबाद लागतं. त्याच्याजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेसोबत दलित शेतकरी बायकांचे संघम, म्हणजे आपल्यासारखेच गट आहेत. ज्वारी-बाजरीसारखी जिरायती पिकं, घरचं बियाणं यांवर त्यांचं काम. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून यातल्या काही बायका व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे त्यांनी वरंगळच्या शेतकऱ्यांचं बीटी कापसाने काय झालं यावर केलेला माहितीपट देशाबाहेरही दाखवला गेला. पण मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी शॉटना दिलेली नावं. शिकवणारे त्यांना इंग्रजी शब्द सांगत होते, ते काही तोंडी बसेनात. तेव्हा त्यांनी आपल्या जगण्यातून नावं काढली. कॅमेरा वरून खाली बघत असेल तर तो पटेल शॉट. तिकडे पटेल म्हणजे आपल्याकडचे पाटील-जमीनदार. ते गढीवरून, नाहीतर खाटेवरून असंच बघतात. कॅमेरा खालून वर बघत असेल तर तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून, समोरासमोर बघत असेल तर तो संघम शॉट, कारण संघमच्या बैठकीत सगळ्या एका जाजमावर बसतात, तिथे कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

मी मास्टर्सला दोन वर्षं "सहभाग" या विषयावर निबंध लिहिले. या तीन नावांत जेवढं आहे तेवढं माझ्या निबंधांत नव्हतं.

तर माझा तो फोटो म्हणजे पटेल शॉट. आता तुम्ही घरी गेल्यावर करून बघा. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बाईचा फोटो आपण नेहमी उभ्याने काढतो. त्यात दिसतो तिचा भांग, मान आणि पाठ. ती काम करणारं यंत्र दिसते. आता तुम्ही खाली बसा, तिच्या शेजारी पाटावर. एकदम चेहरा येतो, विस्तवाचा उजेड येतो, पिठाने माखलेला हात येतो, आणि मुख्य म्हणजे ती तुमच्याकडे बघून बोलू शकते. उंची दोन-अडीच फुटांनी बदलली की चित्रातलं नातं बदलतं.

बेल्जियममध्ये शांताल आकरमन नावाची दिग्दर्शिका होती. पंचविशीत असताना, १९७५ साली तिने 'ज्यां दिल्मान' हा सिनेमा केला. सव्वातीन तासांहून मोठा. त्यात एक मध्यमवयीन विधवा घरात काम करते. बटाटे सोलते, खिमा मळते, अंथरूण घालते, दिवे बंद करते. कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही. आकरमन स्वतः ठेंगणी होती. कॅमेरा तिने आपल्याच उंचीला लावला. बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आपण ते बघायचं. सुरुवातीला कंटाळा येतो, खरं सांगते. मी मध्ये उठून माझी कणीक मळून आले. पण तासाभराने एक बटाटा जास्त शिजला तर आपल्या काळजात धस्स होतं. सिनेमात बाईचं घरकाम नेहमी दोन सेकंदांत उरकलेलं असतं, ते पहिल्यांदा पूर्ण मापाने मोजलं गेलं. २०२२ साली जगभरच्या समीक्षकांनी एका ब्रिटिश मासिकाच्या पाहणीत या सिनेमाला सर्वश्रेष्ठ म्हणून पहिला क्रमांक दिला. कार्यकर्त्यांनी निदान अर्धा तास तरी तो बघावा असं मला वाटतं.

त्याच १९७५ साली, जे आपल्याकडे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरं झालं, लॉरा मल्व्ही या इंग्लंडमधल्या अभ्यासक बाईने एक लेख छापला. त्यातला मुद्दा आज सगळीकडे "पुरुषी नजर" म्हणून बोलला जातो. पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते, आणि कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याला चिकटलेला असतो, म्हणून सिनेमागृहात बसलेली बाईसुद्धा बाईला पुरुषाच्या डोळ्यांनीच बघते. लेख अवघड आहे, पण गाण्यात नायिकेची कंबर आधी आणि चेहरा नंतर का येतो, याचं उत्तर त्यात आहे. 'सैराट' आपल्या पोरींना का एवढा भिडला याचंही थोडं उत्तर त्यात आहे. तिथे आर्ची बघते. वर्गात, विहिरीवर, ट्रॅक्टरवरून ती सरळ परश्याकडे टक लावून बघते आणि तोच खाली मान घालतो. अकलूजच्या शाळकरी पोरीने, रिंकू राजगुरूने, ते ज्या ऐटीत केलं आहे ते बघून आमच्या मुलींच्या गटात शिट्ट्या पडल्या होत्या. शिट्ट्या मुलींनी मारल्या, हे मुद्दाम सांगते. (हशा)

आता रंग. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण बायकांच्या आयुष्यात रंग हा आवडीनिवडीचा भाग फार कमी आणि नियमाचा भाग फार जास्त आहे. लाल कुंकू, हिरवा चुडा, काळे मणी, पांढरं कपाळ. हे रंग आपल्यावर चढवले जातात आणि आपल्यावरून उतरवले जातात. त्यामुळे सिनेमात बाईच्या अंगावर रंग दिसला की त्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो. दिग्दर्शक फक्त तो वापरतो, किंवा उलटवतो.

रंग नसतानाही रंग कसा बोलतो याचं उदाहरण आपल्याकडे १९३७ सालचं आहे. प्रभातचा 'कुंकू', दिग्दर्शक व्ही. शांताराम, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. शांता आपटे यांची नीरा फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधली जाते आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते. सिनेमा काळा-पांढरा. म्हणजे ज्या वस्तूवरून नाव ठेवलं तिचा रंगच पडद्यावर नाही! तिच्या उजळ कपाळावर दिसतो तो एक गडद ठिपका. पण थिएटरात बसलेल्या एकाही माणसाला तो काळा दिसला नसेल. तो लाल आम्ही घरून डोळ्यांत घेऊन आलेलो असतो. शांताराम यांनी या गोष्टीचा पुरेपूर वापर केला. सगळी गोष्ट त्या एका ठिपक्याभोवती फिरते. ते कुंकू तिचं भूषण आहे की तिच्यावर मारलेला शिक्का? शेवटी म्हातारा, तिला दुसरं लग्न करायला सांगून, जीव देतो. त्यात एक गोष्ट मला नेहमी खटकते, की तिची सुटका अखेर त्याच्या मरणाने होते, तिच्या नकाराने नाही. पण १९३७ साली एवढं दाखवलं, हे थोडं नव्हे. आणि एक आपल्या धंद्यातली गंमत. त्या म्हाताऱ्याची मुलगी, नीरेच्या बाजूने उभी राहणारी सुशीला, ही विधवा आणि समाजसेविका दाखवली आहे. ते काम केलं शकुंतला परांजपे यांनी, ज्या प्रत्यक्षातही र. धों. कर्वे यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम करत होत्या. पडद्यावर आपल्यातली एक बाई इतक्या आधी येऊन गेली आहे. पुढे १९८२ साली जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त स्मिता पाटील यांनी सुलभा महाजन केली, ती महिलाश्रमाची अधीक्षक. तिच्यावर वेगळं भाषण होईल, म्हणून तिला आज दारातच थांबवते.

आता तोच लाल उलटवलेला बघा. केतन मेहता यांचा १९८७चा 'मिर्च मसाला'. जागा गुजरातमधली, काळ इंग्रजी अमदानीतला. सुभेदाराला सोनबाई हवी आहे. ती पळून मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात शिरते, म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. आतल्या बायका आधी तिच्यावर चिडतात, तुझ्यापायी आम्ही मरणार म्हणून. किती खरं आहे ते! आपल्या गटात कुणा एकीने तक्रार केली की पहिली नाराजी कुणाची असते? सगळा सिनेमाभर लाल मिरच्यांचे ढीग दिसतात. आपल्याला वाटतं देखावा आहे, वाळवण आहे, छान दिसतं. डोळा त्या लालाला सरावतो. आणि शेवटी दार मोडून सुभेदार आत येतो तेव्हा त्या बायका जो लाल रोज कुटत होत्या तोच त्याच्या डोळ्यांत फेकतात. कामाचा रंग हत्याराचा रंग होतो. दिग्दर्शकाने नवीन काही आणलं नाही, पहिल्यापासून जे चौकटीत ठेवलं होतं तेच उचललं. हातात विळा घेतलेल्या सोनबाईच्या चेहऱ्यावर सिनेमा थांबतो. तो प्रदर्शित झाला तेव्हा स्मिता पाटील नव्हत्या. डिसेंबर १९८६मध्ये त्या बाळंतपणानंतर गेल्या. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांबद्दल आपण बोलतो तेव्हा मला हे आठवतं.

आणि तिसरा लाल, तो आपल्या जिल्ह्यातला. 'सैराट', २०१६. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, चित्रणही बरंचसं त्याच भागात झालं. पूर्वार्धात विहीर, ऊस, ट्रॅक्टर, सगळं उजळ, मोकळं आभाळ. उत्तरार्धात हैदराबादची वस्ती, दाटीवाटी, चौकटीत आभाळच उरत नाही. शेवट तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नव्या घराच्या दारात आर्ची रांगोळी काढते आहे आणि माहेरची माणसं आहेर घेऊन येतात. ती त्यांना आत घेते, चहा करते. शेजारीण लेकराला परत आणून सोडते तेव्हा आत दोघं पडलेली असतात. आवाज पूर्ण बंद. लेकरू रडतं ते ऐकू येत नाही. ते बाहेर चालत येतं आणि फरशीवर त्याच्या तळव्यांचे लाल ठसे उमटतात.

मी हा शेवट तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला एकदम काहीतरी लख्ख दिसलं. आपल्याकडे नवी नवरी घरात येते तेव्हा कित्येक घरांत तिला कुंकवाच्या पाण्याच्या ताटात पाय बुडवून चालायला लावतात. लाल पावलं उंबऱ्यातून आत येतात. लक्ष्मीची पावलं. आर्चीच्या वाट्याला ते आलं नव्हतं. आणि शेवटी लाल पावलं उमटतात ती घरातून बाहेर जाणारी, आणि ती रक्ताची. दिग्दर्शकाने ते योजलेलं असो वा नसो, आपल्या डोळ्यांना ते कळतं, कारण ती पावलं आपण लहानपणापासून पाहिली आहेत. जातीच्या अभिमानासाठी पोरी मारण्यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आणि केली आहेत. या शॉटनंतर थिएटरात जी शांतता होती ती कुठल्याच भाषणानंतर मला मिळालेली नाही. अर्थात त्याच सिनेमाची गाणी लावून लग्नाच्या वरातीत आपल्याच जातीतला नवरा नाचत होता, हेही आपण सगळ्यांनी पाहिलं. सिनेमाकडून फार अपेक्षा नको.

आता पुन्हा त्या हिरव्या साडीकडे येते. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. या विषयाचा पाठपुरावा करणारे प्रमोद झिंजाडे हे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे. त्याच महिन्यात राज्य शासनाने हेरवाडचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ठराव झाले, बातम्या आल्या. पण ठरावाने रंग अंगावर येत नाही. तो प्रत्येकीला एकटीने, घरातल्यांच्या डोळ्यांदेखत नेसावा लागतो. आणि कुणी तो नेसली तर निदान आपण, चळवळीतल्या बायकांनी, तो बघितला पाहिजे.

मी त्या बाईंकडे पुन्हा गेले. यावेळी म्हटलं, फोटो कसा काढायचा ते तुम्ही सांगा. त्यांनी बराच विचार केला. मग जमिनीच्या बांधावर उभ्या राहिल्या, शेजारच्या जाऊबाईंना बोलावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "हिलाबी घ्या. साक्षीला हीच आली हुती." मी फोन उभा धरला होता. दोघी मावेनात, म्हणून आडवा धरला. ही साधी गोष्ट आहे पण सांगून ठेवते. फोन उभा धरला की चौकटीत एकटी बाई मावते, आडवा धरला की शेजारीण येते, बांध येतो, मागचं घर येतं. आपण सगळे फोन उभे धरतो आणि मग बायका सगळ्या फोटोंत एकट्या पडलेल्या दिसतात.

तो दुसरा फोटो पहिल्याइतका "परिणामकारक" नाही, हे मला मान्य करायला हवं. बाई त्यात बिचारी दिसत नाही. पैसे देणाऱ्यांपैकी एकाने तसं बोलूनही दाखवलं, यात गरज दिसत नाही म्हणून. आमच्यात त्यावर वाद झाले, सगळ्यांचं एकमत झालं असं नाही. एक सहकारी म्हणाली, दया वाटली तर देणगी येते आणि देणगी आली तर वकिलाची फी भरता येते. तुझ्या चौकटीपायी केस अडली तर? तिचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. पण तेव्हापासून एवढं ठरलं की ज्या बाईचा फोटो, तिने तो छापण्याआधी पाहिलेला असला पाहिजे, आणि ती नको म्हणाली तर नको.

चेहरा लपवण्याचा प्रश्न काल कुणीतरी काढला होता. बलात्काराच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. पूर्वी दंडविधानात ते कलम २२८ अ होतं, १ जुलै २०२४पासून न्याय संहितेचं कलम ७२ आहे. तिथे तडजोड नाही. पण लपवणं म्हणजे तिला भूत करणं नव्हे. निळा अंधार, खिडकीचे गज, गुडघ्यात डोकं घातलेली काळी आकृती, हे दर वेळी कशाला? तिचे हात दाखवा. ती शिवणयंत्रावर बसली असेल तर यंत्रावरचे हात दाखवा. तिचा आवाज तिला हवा असेल तसा बदलून घ्या. पाठमोरी घ्यायची तर तिच्या उंचीवरून घ्या, म्हणजे ती जे बघते आहे ते आपल्यालाही दिसेल. आणि हातात गावाचं नाव गोंदलेलं असेल, मागे दुकानाची पाटी असेल, तर चेहरा झाकूनही ओळख फुटते, हे विसरू नका. बातमीदारांकडूनच नाही, आपल्याकडूनही असं झालेलं आहे.

बरं, आता वेळ झाली. जेवणानंतर तिघी-तिघींचे गट करून बाजाराकडे जायचं आहे. प्रत्येक गटाने तीनच फोटो काढायचे, जास्त नाही. एक पटेल शॉट, एक गुलामाचा, एक संघमचा, आणि तिन्हींत माणूस तेच. आधी विचारायचं, मग काढायचा, काढून झाल्यावर दाखवायचा, आणि ती काय म्हणाली ते वहीत तिच्याच शब्दांत लिहायचं. ज्यांच्या फोनला कॅमेरा नाही त्यांनी पुठ्ठा घ्यावा. चारला परत यायचं आहे, पाचची एस.टी. पकडणाऱ्यांनी पिशव्या इथेच ठेवा, मी बसलेली आहे.